पाटी कोरी नसते

प्रौढांच्या वर्गात शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली. आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी, माणसं कामावरून सुटल्यावर. अक्षरं, हिशेब आणि थोडा कॉम्प्युटर. या सहा वर्षांत एक गोष्ट इतकी पक्की पटली आहे की आज ती सविस्तर लिहायचीच असं ठरवून बसले आहे. मोठ्या वयात शिकायला आलेल्या माणसाला आपण कोरी पाटी समजतो आणि तिथेच त्याला गमावतो.

माझ्या पहिल्या महिन्यातलंच सांगते. मी लहान मुलांची अंकलिपी घेऊन गेले होते. मोठी अक्षरं, रंगीत चित्रं. मला वाटलं, सोपं पडेल. वर्गात एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. मुलं वाढवून, अख्खं घर सांभाळून आलेल्या. 'ब'च्या बदकावर बोट ठेवून त्या बराच वेळ गप्प बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, नंतर कधीच आल्या नाहीत. निरोप धाडला तेव्हा उत्तर आलं, "मला नातवाच्या रांगेत नका बसवू." त्यांचं बरोबर होतं. चूक माझी होती, आणि तिची भरपाई मला करता आली नाही.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले तेव्हा कळलं की कोरी पाटी न समजता मोठ्यांना शिकवणं कुणीतरी आधीच करून दाखवलेलं आहे. १९६३ साली ब्राझीलमधल्या आंजिकोस या गावात तिथले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० शेतमजुरांना ४० तासांच्या आसपास शिकवून लिहितंवाचतं केलं. त्यांनी पुस्तक आधी छापलं नाही. आधी लोकांचं बोलणं ऐकलं, त्यांच्या रोजच्या तोंडातले शब्द वेचले आणि त्या शब्दांच्या तुकड्यांतून अक्षरं शिकवली. तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षर माणसाला मताचा हक्क नव्हता, म्हणजे वाचायला शिकणारा प्रत्येक मजूर हा एक नवा मतदार होता. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरे तुरुंगात गेले, मग देशाबाहेर. चाळीस तासांच्या वर्गाची सत्तेला भीती वाटावी, यातच सगळं आलं.

आता मी पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहीत नाही. विचारते, "काय वाचता आलं तर उद्यापासून उपयोगाला येईल?" उत्तरं ठरलेली नसतात. औषधाच्या पाकिटावरची तारीख. मुलीचा मेसेज. सही करण्याआधी कागदात काय आहे ते. एक दादा म्हणाले, "कामावर मशीनच्या बाजूला लाल पाटी आहे, रोज तिच्यासमोरून जातो." पाटीवर 'धोका' होतं. त्या एका शब्दावर आम्ही तीन संध्याकाळी काढल्या. ध, धा, धी, धो. क, का, की, को. 'ध' आणि 'घ' यांत भल्याभल्यांची गल्लत होते, डोक्यावरची रेघ तुटलेली की सलग हाच काय तो ठळक फरक. पण त्या दादांची गल्लत एकदाही झाली नाही, कारण त्यांचा 'ध' त्या लाल पाटीवरून उतरला होता.

"आता वय झालं, डोक्यात शिरत नाही" हे वाक्य तर दर आठवड्याला ऐकते. आधी डोळे तपासून घ्या, असं माझं पहिलं सांगणं असतं. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसणं हे बहुतेक सगळ्यांच्याच वाट्याला येतं, पण ज्याने आयुष्यात कधी पुस्तक हातात धरलं नाही त्याला ते कळणार कसं? लांबचं तर स्वच्छ दिसतं! मग समोर अक्षरं नाचतात आणि माणूस स्वतःला मठ्ठ ठरवून मोकळा होतो. माझ्या वर्गातल्या एका काकूंचं चार महिने अडलेलं वाचन जवळचा चष्मा लागल्यावर पंधरा दिवसांत सुटलं. प्रत्येक वर्गाच्या खर्चात खडूच्या आधी चष्मे धरले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मेंदूचं म्हणाल, तर फ्रान्समधले मेंदूचे अभ्यासक स्तानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या प्रौढांचे मेंदू वाचताना कसे काम करतात ते तपासलं. २०१० साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. मेंदूचा जो भाग शाळेत शिकलेल्यांचा अक्षरं बघून जागा होतो, तो मोठेपणी वाचायला शिकलेल्यांचाही जागा होत होता. वेग कमी पडेल, सराव जास्त लागेल. पण दार बंद झालेलं नसतं.

हिशेबाच्या बाबतीत तर कोरी पाटी म्हणणं हा सरळसरळ अपमान आहे. एका मावशींना मी तोंडी विचारलं, हजारातून ३६५ गेले तर किती? श्वास घ्यायच्या आत उत्तर, "सहाशे पस्तीस." कसं केलं? "तीनशे पासष्टात पस्तीस टाकले की चारशे, वर सहाशे. झालं की!" हीच वजाबाकी कागदावर उभी मांडून दिली आणि त्या थिजल्या. शून्यातून पाच कसे जाणार, शेजारच्या शून्याकडून उसना तरी कसा मागणार, त्याच्याकडेच काही नाही. मला त्या क्षणी दिसलं की आम्ही त्यांना गणित शिकवत नव्हतो, त्यांच्या हातात असलेलं गणित काढून घेत होतो. मानसशास्त्रज्ञ तेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध केला होता. विक्री करताना त्या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर यायची, आणि तेच हिशेब कागदावर नुसते आकडे म्हणून मांडले की ३७ टक्केच. आता मी आधी मावशींची पद्धत जशीच्या तशी कागदावर लिहून दाखवते. "तुम्ही डोक्यात केलं ते असं दिसतं." उभी मांडणी त्यानंतर. टक्केवारी आणि व्याज मात्र शिकवावंच लागतं, कारण कर्जाच्या कागदावर माणूस तिथेच फसतो.

युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे जगात आजही ७० कोटींहून अधिक प्रौढांना साधं लिहितावाचता येत नाही आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत. याच युनेस्कोने १९७८ सालीच कार्यसाक्षरतेची व्याख्या केली होती. आपल्या समाजात वावरताना जिथे जिथे वाचन, लेखन, हिशेब लागतो तिथे तो करता येणं आणि पुढेही वापरत राहता येणं. नुसत्या सहीवर भागवणाऱ्यांनी हे वाचावं. सही गिरवून घेतलेल्या माणसाला आता अंगठ्याऐवजी सहीने फसवता येतं, एवढाच फरक पडतो.

आणि कॉम्प्युटर! अक्षरं पक्की झाल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हा हट्ट मला मुळीच मान्य नाही. मी एका वर्गात बघितलंय, पहिले तीन आठवडे वहीत 'संगणकाचे भाग' उतरवून घेत होते, मशीन मात्र झाकलेलं. माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचं बोट कीबोर्डवर असतं. स्वतःचं नाव टाइप करायचं. ज्याचा हात लिहिताना थरथरतो, ज्याला आपलं अक्षर वेडंवाकडं दिसतं म्हणून लाज वाटते, त्याचं नाव पडद्यावर इतरांइतकंच सुबक उमटतं. त्या सुबक अक्षरांनी किती माणसं वर्गात टिकवून धरली, याची मी साक्षीदार आहे. शिवाय मोबाइल सगळ्यांच्याच हातात आहे. वाचता येत नाही म्हणून तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा, ओटीपी दुसऱ्याने वाचायचा, पासवर्ड दुसऱ्याने ठेवायचा. आपल्या खात्यात काय आहे ते आपल्याआधी शेजाऱ्याला माहीत. हे आणखी दोन वर्षं थांबू शकत नाही.

गेल्या महिन्यात एका काकूंनी पहिल्यांदा स्वतःचा पासवर्ड ठरवला. कागदावर आधी लिहून पाहिला, मग एकेक कळ शोधून दाबली. पडद्यावर नुसते काळे ठिपके. चेहरा पडला. "ताई, माझी अक्षरं गेली कुठे?" मी त्यांना डोळ्याचं चिन्ह दाखवलं आणि म्हटलं, याला दाबा. दाबलं, तशी सगळी अक्षरं जागच्या जागी उभी. त्यांनी ओठ हलवत एकेक वाचून खात्री केली. मग झटकन पडद्यावर तळहात ठेवला आणि मला म्हणाल्या,

"ताई, तुम्ही जरा तिकडे बघा."