खेळाडूला जामीन कोण राहतं?

गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक कर्ज प्रकरण आलं. (मी बँकेत लोनच्या टेबलला असते, सातारा जिल्ह्यात, कुठली बँक ते विचारू नका, आमचे साहेब फेसबुकवर आहेत.) पोरगा तिशीचा, मान अशी की कॉलरचं बटण लागत नाही आणि दोन्ही कान मोडलेले, त्यामुळं पैलवान आहे हे सांगायची गरजच नव्हती. सेकंडहँड पिकअप घ्यायचीय म्हणाला, गावातनं भाजी पुण्याला न्यायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुस्ती बंद. कागद बघायला घेतले तर आयटीआर नाही, पगाराची स्लिप नाही, सिबिल कोरं, आणि वडिलांच्या सातबारावर सोसायटीचा बोजा आधीच चढलेला. म्हणलं अरे एवढी वर्षं कुस्त्या मारल्यास, इनामं घेतलीस, ते पैसे कुठं गेले? तर नुसता हसला. "मॅडम, जत्रेत मिळायचं ते बदामात जायचं." खरंय ते. पैलवान पोसायचा म्हणजे घरातली एक म्हैस त्याच्या नावावर लिहून द्यायची.

मी सवयीनं विचारलं, जामीनदार आणलाय का? तर मागच्या बाकावरचे एक म्हातारे उठले. लेंगा, सदरा, खांद्यावर टॉवेल. त्याचे वस्ताद. नात्यानं कुणी नाहीत.

तेव्हापासून जामीनदार हा शब्द डोक्यातनं जाईना. आपण खेळाडूंबद्दल बोलताना मेहनत, जिद्द, टॅलेंट असलं सगळं बोलतो पण त्याला जामीन कोण राहिलं हे विचारतच नाही, आणि माझं म्हणणं असं आहे की खेळ संपल्यावर माणूस उभा राहतो का कोसळतो हे बऱ्याचदा तिथंच ठरतं.

आता आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. कुस्तीसाठी 1948 ला लंडन ऑलिम्पिकला गेले, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली वगैरे सगळं झालं पण मोठी रक्कम कुठनं आणायची, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि टाळ्या वाजवून पुढं जातो. पण मी रोज घरं तारण घेणारी बाई आहे हो, मला त्या सहीचं वजन माहितीय. पोटच्या पोराच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकायचं तरी माणसं महिनाभर झोपत नाहीत, भाऊ सहीला येत नाही, बायको टेबलासमोर बसून रडते. आणि इथं एक प्राचार्य आपल्या कॉलेजातल्या एका पोरासाठी, तेही कुस्तीसाठी, 1952 साली! पदक आलं, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पण मला सगळ्यात आवडतं ते त्याच्या पुढचं. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातनं आधी देणी फेडली. असा कर्जदार आम्हाला वर्षातनं एक मिळाला तरी आमचं मार्च एंडिंग सुखात जाईल.

पण पुढं काय झालं तेही बघा. 1955 ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, तिथंच नोकरी केली, आणि पेन्शनसाठी झगडावं लागलं. 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. म्हणजे हेलसिंकीपर्यंत जायला जामीनदार भेटला, तिथनं पुढच्या बत्तीस वर्षांना कुणी सही दिली नाही.

आता जरा भांडण होणारा विषय. डिसेंबर 2024 मधला तो शिवाजी पार्कवरचा व्हिडिओ, क्रिकेट कोच आचरेकर सरांच्या स्मारकाचा कार्यक्रम, त्यांचे दोन शिष्य सचिन आणि विनोद कांबळी यांची भेट. अजून दर दोन महिन्यांनी कुणीतरी तो टाकतं आणि खाली लिहितं "संस्कार महत्त्वाचे", म्हणजे सचिन टिकला आणि कांबळी कोसळला तो संस्कारांमुळं. मला या वाक्याचा इतका राग येतो ना की काय सांगू. सर एकच. शाळा एकच, शारदाश्रम. 1988 ला आझाद मैदानावर 664 ची भागीदारी केली त्यात कांबळी नाबाद 349 आणि सचिन नाबाद 326, म्हणजे त्या वेळी धावा कुणाच्या जास्त होत्या बघा. 1993 ला पाठोपाठच्या दोन टेस्टमध्ये दोन डबल सेंचुऱ्या, 17 टेस्ट, सरासरी 54.20, आणि तेविसाव्या वर्षी शेवटची टेस्ट खेळून मोकळा. त्याच्या चुका असतील, आजारपण आहे, त्यातलं आपल्याला काय माहीत असतं. पण संस्कार म्हणजे नक्की काय हो? सगळा हिशोब मांडून बघा एकदा.

सचिनला अकराव्या वर्षी सरांकडं नेणारा मोठा भाऊ होता, अजित, ज्यानं स्वतःचं क्रिकेट बाजूला ठेवून याच्या खेळाचा विचार केला. वडील प्राध्यापक, आई एलआयसीत, म्हणजे घरात दोन पगार. बांद्र्याहून ये-जा करून पोरगं दमतंय म्हणल्यावर शिवाजी पार्कजवळ काका-काकूंचं घर होतं, तिथं राहायची सोय झाली आणि ती एकदोन आठवड्यांची नाही, काही वर्षांची. त्या काकूंनी किती डबे केले असतील, किती मळकी पांढरी पँट धुतली असेल! कांबळी कांजूरमार्गहून लोकलनं यायचा, खांद्यावर किट. दोघांना सर एकच असले तरी सर संध्याकाळी घरी जातात ना, रात्री कोण असतं? मी याला संस्कार म्हणत नाही, मी याला घरची व्यवस्था म्हणते आणि ती मिळणं हे नशिबाचा भाग आहे. ज्यांना मिळाली त्यांनी नम्र राहावं, बाकीच्यांनी लेक्चर देऊ नये. सुनील गावसकरांच्या फाउंडेशननं 2025 मध्ये कांबळीला महिना 30 हजार चालू केले, त्याला म्हणतात उशिरा का होईना सही करणं.

आणि व्यवस्था म्हणजे नुसते लाड नव्हेत हेही खरं. वडिलांनी सचिनला सांगून ठेवलं होतं की तंबाखूची जाहिरात करायची नाही, आणि त्यानं ती केली नाही, पुढं केवढे पैसे समोर आले असतील विचार करा. आचरेकर सर तर बोलून चालून कडक. (सर स्टेट बँकेत होते बरं का, आमच्या धंद्यातले, हे मी ऑफिसात अभिमानानं सांगते.) स्कूटरवर मागं बसवून या मैदानावरनं त्या मैदानावर न्यायचे, एका दिवसात जास्त मॅच खेळायला मिळाव्यात म्हणून. पण 2013 च्या त्या निरोपाच्या भाषणात सचिन म्हणाला तसं, एकोणतीस वर्षांत सर एकदाही वेल प्लेड म्हणाले नाहीत. जग डोक्यावर घेऊन नाचतंय आणि एक माणूस असाय जो अजून पास करत नाही, असं माणूस पदरी असणं ही केवढी मोठी इस्टेट आहे. आत्ताच्या पोरांना अठराव्या वर्षी आयपीएलचे कोटी मिळतात, मॅनेजर मिळतो, हेअरस्टायलिस्ट मिळतो, पण "गप बस, पाया पड आणि झोप जा" म्हणणारं कुणी मिळतं का माहीत नाही.

थोडं माझं सांगते, लहान तोंडी मोठा घास आहे पण विषय निघालाय. मी खो-खो खेळायचे. युनिव्हर्सिटीपर्यंत. खांबाजवळचा सूर चांगला होता माझा, कोपराला अजून खूण आहे. नववीत असताना एका स्पर्धेत बक्षीस मिळालं, पाचशे रुपये रोख, पाकिटात. मी ड्रेस घ्यायचा ठरवला होता, मोरपंखी, दुकानात बघूनसुद्धा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आमचे सर प्रॅक्टिस सोडून मला पोस्टात घेऊन गेले. आईला पण बोलावलं होतं. फॉर्म भरला, आरडी उघडली, महिना पन्नास रुपये. मला इतकं रडू आलं होतं की पोस्टातल्या काकांना वाटलं कुणी गेलंय का काय. सर म्हणाले खेळ पंचविशीत संपतो, पासबुक संपत नाही, आणि दर महिन्याला ग्राउंडवर चपला काढायच्या आधी पासबुक दाखवायचं असा नियम केला. शिक्का नसेल तर त्या दिवशी खेळायचं नाही, कडेला बसून मोजायचं. पुढं त्या पैशातनं कॉम्प्युटरचा कोर्स केला, कोर्सवर ही नोकरी लागली. ड्रेसचं दुकान आता मोबाईलचं झालंय.

आणि आई. आईला खो-खोतलं ओ की ठो कळायचं नाही. पण संध्याकाळी अंधार पडायच्या आधी ग्राउंडच्या फाटकाशी येऊन उभी राहायची, हातात पिशवी, पिशवीत भाजी, म्हणजे भाजी आणायला आलेय असं भावकीला वाटावं म्हणून. पोरगी खेळते हे सांगायची सोय नव्हती तेव्हा. मी जिंकले का हरले हे तिनं कधी विचारलं नाही, भूक लागली का विचारायची. लग्न ठरल्यावर माझा खेळ बंद झाला, ते कुणी बंद केलं, कसं केलं हा विषय इथं नको. पण एवढं म्हणते की मुलींच्या बाबतीत घरचा सपोर्ट बऱ्याचदा अक्षता पडेपर्यंतच असतो, त्याच्या पुढं जामीन बदलतो आणि नवीन जामीनदाराला खेळाडू नको असते. म्हणून आमच्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) फायनलमध्ये पळाली आणि नंतर महसूल खात्यात अधिकारी झाली तेव्हा मला जे वाटलं ते शब्दात सांगता यायचं नाही. पळायची थांबल्यावर खुर्ची होती ना तिला बसायला!

नेमबाज स्वप्नील कुसाळेचं पण बघा. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, वडील शिक्षक, आई सरपंच, 2015 ला रेल्वेत टीसी म्हणून लागला. कोच दीपाली देशपांडे, स्वतः ऑलिम्पिक खेळलेल्या, त्यांना तो दुसरी आई म्हणतो. 2024 ला पॅरिसला ब्राँझ आलं, खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक पदक. सगळे नाचलो. मग दोन महिन्यांनी त्याचे वडील बोलले की बक्षीस कमी आहे, हरियाणा जास्त देतं, बालेवाडीजवळ फ्लॅट द्या, आणि अख्खं सोशल मीडिया त्या माणसावर तुटून पडलं. हावरट काय, पोराच्या जीवावर काय. अहो ज्या बापानं गोळ्यांसाठी कर्ज काढलं त्यानं मागायचं नाही तर कुणी मागायचं? पोरगा रायफल घेऊन श्वास रोखून उभा राहणार का हे भांडत बसणार? बापानं वाईटपणा घ्यायचा म्हणजे पोराचा नेम हलत नाही. हे काम पण कुणीतरी करावंच लागतं आणि त्याला पदक नसतं. फ्लॅटचा मुद्दा तुम्हाला पटो न पटो, मला पटतो.

आता उलटी बाजू पण लिहिते नाहीतर म्हणाल आई-बापाची आरती लावलीय. काही पालक जामीन नसतात, सावकार असतात. आमच्या कॉलनीत बघतेय, आठ वर्षांचं पोरगं, सकाळी पाचला अकॅडमी, शाळेला दांडी, बाप नेटच्या मागं मोबाईलवर शूटिंग करत उभा, आणि आउट झालं की गाडीत बसल्यावर जे बोलणं सुरू होतं ते काचा बंद असून ऐकू येतं. "तुझ्यावर किती खर्च केलाय माहितीय का." पोरगं म्हणजे काय एफडी आहे, मॅच्युअर व्हायची वाट बघायला? राहुल द्रविडकडं अंडर-19 ची टीम होती तेव्हा त्यानं धरून ठेवलं की एका पोरानं एकच अंडर-19 वर्ल्ड कप खेळायचा, तिथंच अडकून बसायचं नाही. आणि 2018 ला वर्ल्ड कप जिंकल्यावर त्याला 50 लाख आणि सपोर्ट स्टाफला प्रत्येकी 20 लाख जाहीर झाले तर हा म्हणाला सगळ्यांना सारखे द्या, शेवटी सगळ्यांना 25 मिळाले, म्हणजे याचे निम्मे झाले. आई आर्किटेक्चरची प्राध्यापक, घरात अभ्यासाला किंमत, पोरगा बंगळुरूत वाढला तरी घर मराठी मध्यमवर्गीय. हे असलं वागणं कुठल्या नेटमध्ये शिकवत नाहीत, ते घरातनं येतं. (हो, इथं मी संस्कार म्हणायला तयार आहे, शिव्या द्या.)

तर त्या पैलवानाचं प्रकरण. वस्तादांना मी नियमाप्रमाणं सगळं समजावलं की बाबा, यानं हप्ते थकवले तर नोटीस तुम्हाला पण येणार, तुमच्या खात्याला पण धरणार, सही विचार करून करा. ते म्हणाले किती वर्षं? म्हणलं पाच. म्हणाले बाई, मी याला चौदा वर्षं पोसलाय, पाचाचं काय घेऊन बसला, पेन द्या. पैलवान खाली मान घालून स्टॅम्पपॅडकडं बघत बसला होता.

फक्त फोटोवर गाडी अडली. केवायसीला पासपोर्ट साइज लागतो आणि वस्तादांकडं एकच फोटो निघाला, कुठल्यातरी सत्कारातला, डोक्यावर फेटा, गळ्यात हार, शेजारी अर्धा कापलेला आमदार. तो चालत नाही म्हणल्यावर जरा नाराज झाले. सोमवारी नवीन काढून आणतो म्हणालेत.