‘चालते’ आणि ‘बसते’

आज सकाळी माझ्या जुन्या असिस्टंटने एका कॅमेऱ्याच्या किमतीचा फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, “दादा, बॉडी परवडते आहे, घेऊ का?” बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. कॅमेरा कॅननचा, आर८. तोच फोटो त्याने आमच्या लग्नवाल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअॅप गटातही टाकला होता, आणि माझा चहा संपेपर्यंत तिथे कितीतरी जणांनी “घे बिनधास्त” असे सांगून टाकले होते. तुझ्या बॅगेत आज कोणत्या लेन्स आहेत, हे त्याला एकानेही विचारले नाही. तो गेली दहाहून जास्त वर्षे निकॉनवर काम करतो, त्याच्याकडची एकही लेन्स या कॅमेऱ्यावर धड उपयोगी पडणार नाही, हे ज्यांना पक्के ठाऊक आहे त्यांनीही विचारले नाही. मी थोडा रागातच लिहितो आहे, समजून घ्या.

“परवडते” हा शब्द ऐकला की मला २०२१ सालचे एक लग्न आठवते. मी नुकताच निकॉनचा झेड६ टू हा नवा कॅमेरा घेतला होता. माझी ८०-२०० एफ २.८ ही दूरचे जवळ आणणारी लेन्स जुनी, सव्वा किलोहून जड, मी ती २००५ मध्ये पतसंस्थेचे कर्ज काढून दुसऱ्या हाताची घेतली होती आणि तिने माझा संसार चालवला, असे म्हटले तरी ते खोटे ठरणार नाही. नवी बॉडी घेताना मी दुकानदाराला स्पष्ट विचारले की माझ्या जुन्या लेन्स यावर चालतील का. तो म्हणाला, “सगळ्या चालतात, फक्त अडॅप्टर घ्या.” मी अडॅप्टर (जुनी लेन्स आणि नवी बॉडी जोडणारे मधले कडे) घेतला, घरी लेन्स लावली, ‘टक्’ असा आवाज आला, ती घट्ट बसली, आणि मी निश्चिंत झालो.

मग मुहूर्ताची वेळ आली. पुढची सगळी जागा मोबाइल उंचावलेल्या पाहुण्यांनी अडवलेली असल्यामुळे मी नवरदेवाच्या मागे पंधरा-सोळा फुटांवर स्टुलावर उभा होतो. शेवटचे मंगलाष्टक सुरू झाले, मी बटण अर्धे दाबले, आणि लेन्समध्ये काहीच हलले नाही. ऑटोफोकस नव्हताच. ती लेन्स त्या जातीची होती जिच्या पोटात मोटर नसते. मोटर बॉडीत असते आणि माउंटवरच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यावरच्या, स्क्रूएवढ्या दांडीने ती लेन्सची काच पुढेमागे फिरवते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. मी घाईघाईने हाताने रिंग फिरवून अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकावर फोकस धरला. “सावधान” झाले, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, मी सहा फोटो काढले. २०० मिलिमीटरला, एफ २.८ वर (म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून) आणि तेवढ्या अंतरावर जे स्पष्ट दिसते त्याची खोली जेमतेम चार-पाच बोटांची असते. सहाही फोटोंत गुरुजींचा अंगठा कोरल्यासारखा स्पष्ट होता आणि त्यामागे नवरीचे डोळे धुक्यात होते.

अडॅप्टरची ही मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेली होती, आणि मी ते वाचले नव्हते, एवढे मान्य करतो.

पण मला सांगा, एक लाखाच्या पुढचा व्यवहार करणाऱ्या माणसाला “चालते” म्हणजे नुसते “बसते” असते, हे कोणी सांगायचे? हा घोळही काही आजचा नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आणि त्याची परंपरा सगळे अभिमानाने सांगतात, परंतु २००६ मध्ये स्वस्तातला डी४० हा कॅमेरा आला तेव्हाच बॉडीतली मोटर काढून टाकली गेली होती. बॉडी स्वस्त झाली, लहान झाली, हौशी माणसाने आनंदाने घेतली, आणि नंतर त्याला कळले की बाजारातल्या स्वस्त जुन्या लेन्सवर त्याला हातानेच फोकस करावा लागणार. म्हणूनच २०१३ मध्ये माझ्या या असिस्टंट मुलाने पहिला कॅमेरा घ्यायचे ठरवले तेव्हा मी त्याला हट्टाने मोटर असलेला डी७१०० घ्यायला लावला होता. इतके जाणणारा मी, आठ वर्षांनी स्वतःच त्या खड्ड्यात पडलो!

कंपन्या बॉडीवर सूट देतात, लेन्सवर पैसा वसूल करतात. आर८ अमेरिकेत २०२३ मध्ये दीड हजार डॉलरला आला, आणि मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी ही किंमत खरोखरच कमी होती. आता लग्नाच्या कामाला लागणाऱ्या कॅननच्या दोन आरएफ लेन्स (आर८ च्या माउंटच्या) पाहा: २४-७० एफ २.८ आली तेव्हा २,२९९ डॉलरची होती आणि ७०-२०० एफ २.८ होती २,६९९ डॉलरची. म्हणजे दीड हजाराच्या बॉडीला पाच हजारांचे डोळे. शिवाय त्या बॉडीत कार्ड एकच बसते. मुहूर्ताला ते एक कार्ड रुसले तर नवरीच्या बापाला काय उत्तर द्यायचे, हे “बिनधास्त” म्हणणाऱ्यांनी सांगावे.

बरे, दुसऱ्या कंपनीची लेन्स घ्यावी, तर तिथेही दाराला कुलूप. २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला आरएफ माउंटच्या ऑटोफोकस लेन्स विकणे थांबवावे लागले, कारण कॅननने पेटंटचा मुद्दा पुढे केला. पुढे २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी मिळाली, तीही लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी केलेल्या लेन्सपुरती. याउलट सोनीने २०११ मध्येच आपल्या ई माउंटची प्राथमिक तांत्रिक माहिती इतर उत्पादकांना विनामूल्य देण्याचे जाहीर केले होते, आणि त्याचे फळ सगळ्यांना दिसते आहे. २०१८ मध्ये टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ सोनीसाठी ७९९ डॉलरला आली, वजन ५५० ग्रॅम. सोनीची स्वतःची २४-७० एफ २.८ तेव्हा जवळजवळ तिप्पट किमतीची होती. आमच्याकडची निम्मी मंडळी सोनीकडे गेली ती रंगासाठी नव्हे आणि व्हिडिओसाठीही नव्हे, ती या एका लेन्ससाठी गेली. कोणी कबूल करणार नाही, पण मी त्यांच्या बॅगा पाहिल्या आहेत.

हो, कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स त्यांच्या अडॅप्टरवर ऑटोफोकससकट उत्तम चालतात आणि सेकंडहँड बाजारात त्या भरपूर मिळतात, हे खरे आहे. २०२४ मध्ये कॅननने स्वतःची २८-७० एफ २.८ अकराशे डॉलरच्या आत आणली, हेही खरे. निकॉननेही २०२३ मध्ये ७०-१८० एफ २.८ काढली, जिची किंमत त्यांच्याच ७०-२०० च्या निम्म्याहून कमी होती. मला मात्र ती २०२१ मध्ये हवी होती. आणि डोळ्यावर फोकस धरून ठेवणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांपुढे माझे पंचवीस वर्षांचे कसब फिके पडते, हेही मी नाइलाजाने मान्य करतो.

त्या लग्नाचा एक भाग मी अजून सांगितलेला नाही. मी झेड६ टू घेतला तेव्हा माझा जुना डी७५० याच मुलाला निम्म्या किमतीत दिला होता, आणि सोबत माझी ८५ मिलिमीटर एफ १.८ डी वापरायला दिली होती. तीही बिनमोटरची जुनी लेन्स, पण डी७५० मध्ये मोटर आहे, त्यामुळे ती त्यावर करकर आवाज करत का होईना, अचूक फोकस करते. तो त्या दिवशी बाजूला, वधूच्या मामाच्या पाठीशी उभा होता. अंतरपाट खाली जाताना नवरीने वर पाहिले, मुंडावळीचा एक मोती तिच्या पापणीवर आला होता आणि एक अक्षता हवेतच होती. अल्बमच्या पहिल्या पानावर लावलेला फोटो त्याचा आहे. गिऱ्हाइकाने कौतुक माझे केले, आणि तो शेजारी उभा राहून काही बोलला नाही.

म्हणून आता हे लिहिताना सकाळचा राग उरलेला नाही. मी त्याला निकॉनवर आणले ते निकॉन श्रेष्ठ म्हणून नव्हे, तर माझ्या लेन्स त्याला वापरता याव्यात म्हणून. आपल्या गावाकडे माउंट असाच ठरतो. ज्याच्या बॅगेतून उसने मिळते त्याच्या कंपनीचा कॅमेरा आपण घेतो. आता त्याचे लग्न झाले आहे, मूल आहे, ऑर्डरी त्याच्या स्वतःच्या आहेत, आणि कोणाच्या बॅगेकडे न पाहता निवड करावी असे त्याला वाटत असेल तर त्यात गैर काय? मला फक्त एवढेच वाटते की त्याने बॉडीची किंमत पाहण्याआधी दोन लेन्सच्या किमती कागदावर लिहाव्यात, जुन्या सामानाचे किती येतात ते खाली वजा करावे, आणि मग वाटल्यास सोनीही पाहावा. माझ्या ८०-२०० चे मला मागच्या वर्षी अठरा हजार सांगितले होते. मी ती दिली नाही. कपाटात आहे.

इतके लिहून होते आहे तोच त्याचा दुसरा निरोप आला आहे. “दादा, आणखी एक विचारायचे होते. तुमची ८५ आर८ वर चालेल का?”

मी “बसेल” एवढेच लिहिले आहे, आणि संध्याकाळी घरी ये म्हटले आहे.