‘सिनेमॅटिक’ ड्रोन व्हिडिओची पाच सूत्रं, आणि त्यांत काय चुकतंय

ड्रोन नवा घेतलेल्या प्रत्येकाकडे एक यादी कुठून ना कुठून येऊन पोचतेच. सार असं: व्हिडिओ सिनेमासारखा दिसायला हवा असेल तर एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी काळसर काच) लावा, लॉगमध्ये (नंतर रंगवण्यासाठी मुद्दाम फिकट ठेवलेल्या चित्रात) शूट करा, कायम सेकंदाला ६० फ्रेम्सवर घेऊन स्लो मोशन करा, वरून एखादी एलयूटी (तयार रंगछटांची फाइल) टाका आणि जमेल तितकं उंच जा. यातली एकही गोष्ट निरुपयोगी नाही. पण नवशिक्याच्या हातात ती पहिल्याच दिवशी दिली की तो सामान जमवत बसतो, फुटेज होतं तिथेच राहतं आणि ड्रोन कपाटात जातो. हे मी बरेचदा पाहिलंय आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘एनडी नसेल तर फुटेज फडफडतं.’ यामागे १८० अंशांच्या शटरचा नियम आहे: सेकंदाला फ्रेम्स जितक्या, त्याच्या दुप्पट शटरचा वेग. २५ फ्रेम्सना १/५० सेकंद. भर उन्हात एफ/२.८ (भिंगाच्या छिद्राचं माप) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवलं तर शटर १/३२०० च्या आसपास जातं. ते १/५० वर आणायला सहा स्टॉप प्रकाश अडवावा लागतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे एनडी ६४. इथवर यादी बरोबर आहे. पण हलतं दृश्य धूसर होऊन मऊ दिसणं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते प्रत्येक शॉटमध्ये दिसतं का? हिशेब करून बघू. २४ मिमीच्या तोडीचं भिंग १०० मीटरवरून सरळ खाली पाहत असेल तर सुमारे १५० मीटर रुंद जमीन फ्रेममध्ये मावते. ४के चे ३८४० पिक्सेल तिच्यावर पसरले की मीटरमागे २५ पिक्सेल येतात. ड्रोन सेकंदाला ५ मीटर जात असेल, तर एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत जमीन ५ पिक्सेल सरकते आणि त्यातला अर्धाच वेळ शटर उघडं असतं. अडीच पिक्सेलचा धूसरपणा डोळ्याला सहसा जाणवत नाही. तोच ड्रोन त्याच वेगानं ३ मीटरवरून नेला तर हाच आकडा ८५ पिक्सेलच्या घरात जातो. तिथे एनडी खरोखर फरक पाडतो. म्हणजे फिल्टर लागतो तो जमिनीलगत, वेगानं उडताना. आणि असं उडणं मोकळ्या मैदानावर, आसपास कोणी नसताना, हात बसल्यावरच करायचं.

मग नवशिक्याचं फुटेज खटकतं ते कशानं? बहुतेक वेळा अंगठ्यानं. नेहमीच्या मांडणीत डावी स्टिक आडवी ढकलली की ड्रोन जागच्या जागी वळतो. ती स्टिक पहिल्या दोन-तीन मिलिमीटरात कशी सरकते ते नीट बघा: अंगठा आधी घाबरत टेकतो, मग एकदम ढकलतो, शॉट संपताना सटकन सुटतो. हे तिन्ही झटके व्हिडिओत जसेच्या तसे उतरतात. स्टिक फक्त अंगठ्यानं न ढकलता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. सिने मोड (ड्रोनच्या हालचाली संथ करणारा) लावा, वळण्याचा आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा सांधा) झुकण्याचा वेग सेटिंगमध्ये कमी करा. मग एखादं एकटं झाड निवडा आणि त्याच्याभोवती हातानं फेरी मारा: उजवी स्टिक उजवीकडे, डावी स्टिक डावीकडे, दोन्ही अगदी थोड्या, आणि झाड सतत मधोमध. पहिल्या दहा फेऱ्यांत झाड फ्रेमभर भटकेल. विसाव्या फेरीला जो शॉट मिळेल तो कुठल्याही फिल्टरनं मिळत नाही.

लॉगबद्दल थोडक्यात. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. लॉगचं फिकट चित्र रंगवताना ताणावं लागतं. ८ बिटमध्ये ताणलं की निळ्या आकाशात पट्टे उठतात. माझं एका अख्ख्या संध्याकाळचं फुटेज असंच वाया गेलंय. १० बिट नसेल तर साध्या प्रोफाइलवर शूट करा.

आणि एलयूटी? पुष्कळशा एलयूटी ठरावीक लॉगसाठीच बनवलेल्या असतात. साध्या फुटेजवर त्या टाकल्या की सावल्या काळ्याठिक्कर आणि हिरवळ भडक. एलयूटीच्या आधी, शूट करतानाच, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवरून काढा. स्वच्छ उन्हात ५६०० केल्विनच्या आसपास ठेवून लॉक केलं तरी पुरे, नाहीतर ड्रोन वळता वळता एकाच शॉटमध्ये रंग पिवळ्याकडून निळ्याकडे सरकतो, आणि ते एडिटिंगमध्ये निस्तरणं फार किचकट काम आहे. एक्सपोजरही (चित्र किती उजळ ते) शॉटपुरतं लॉक करा.

सेकंदाला ६० फ्रेम्सनी घेतलेलं फुटेज एडिटिंगच्या ३० फ्रेम्सच्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगानं चालवता येतं, हे खरं. लाटा किंवा पक्ष्यांचा थवा असेल तर जरूर करा. पण उंचावरचा शॉट मुळातच संथ असतो. तो आणखी संथ केला की पाहणारा कंटाळतो.

‘जितकं उंच तितकं भारी’ हे मला सगळ्यात चुकीचं वाटतं. अनेक देशांत १२० मीटरची मर्यादा आहे, पण ती गाठायची कशाला? वर गेलं की सगळं सपाट नकाशासारखं होतं. पंधरा-वीस मीटरवर, जवळ एखाद्या झाडाचा शेंडा आणि मागे दूरचा डोंगर असेल, तर शेंडा भराभर सरकतो आणि डोंगर जवळजवळ स्थिर राहतो. या सरकण्यातल्या फरकातूनच डोळ्याला खोली कळते.

यादीत एडिटिंगबद्दल एलयूटीपलीकडे एक शब्द नाही. चाळीस सेकंदांच्या क्लिपमधले चार-पाच सेकंदच ठेवा, तेही मधले: ड्रोनची गती जुळल्यानंतरचे आणि थांबायला लागण्याआधीचे. एक शॉट उजवीकडे सरकत संपला तर पुढचाही उजवीकडे सरकणारा जोडून बघा, कट जाणवतच नाही. संगीताच्या प्रत्येक ठेक्यावर कापू नका. आणि बहुतेक छोट्या ड्रोनना आवाज टिपताच येत नाही, तेव्हा ड्रोन उतरवल्यावर, पंखे थांबले की, खिशातला फोन काढून तिथलाच वारा, पाणी, पाखरं दोन मिनिटं रेकॉर्ड करा. तो आवाज संगीताखाली हळू लावून तोच व्हिडिओ पुन्हा पाहा.