सहन करून घेण्यासाठी अर्ज कसा लिहावा

सर्वप्रथम अभिनंदन. आपल्याला कोणीतरी सहन करावे, एवढीच तुमची मागणी आहे. हक्काबिक्काच्या फंदात तुम्ही पडलेला नाहीत, हे उत्तम. शब्दही किती नेमका आहे बघा, सहिष्णुता! माणसे दाढदुखी सहन करतात, वैशाखातले ऊन सहन करतात, वरच्या मजल्यावरचा पहाटेचा मिक्सर सहन करतात. त्याच रांगेत तुम्हाला जागा हवी आहे. मिळेल. पण अर्ज नीट लिहायला हवा, आणि त्या कामात सतराव्या शतकातल्या युरोपातल्या ज्यू धर्मपंडितांइतका हात कोणाचा बसलेला नव्हता. त्यांचीच उजळणी करू.

अर्जाच्या पहिल्याच ओळीत देव आणू नका. साहेबाला तुमच्या देवात रस नसतो. आकडा लिहा. व्हेनिसचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सिमोने लुझ्झात्तो यांनी हेच केले. १६३६ मध्ये तिथे एक मोठी चोरी उघडकीस आली, त्यात काही ज्यू गुंतलेले निघाले आणि सगळ्यांनाच शहराबाहेर काढा अशी बोलणी सुरू झाली. (एकाने चोरी केली तर अख्खी जमात चोर, ही पद्धत फार जुनी आहे, तुमच्याकडेही असेलच.) लुझ्झात्तोंनी १६३८ मध्ये पुस्तक छापले आणि हिशेब मांडला, की आमची सहा हजार माणसे तुमच्या तिजोरीत वर्षाला अडीच लाख डुकाट नाण्यांहून जास्त भर घालतात. पुढचा मुद्दा तर पाठच करून ठेवा. परदेशी व्यापारी इथे कमावतो आणि गाठोडे बांधून मायदेशी जातो. ज्यूला मायदेशच नाही, मग तो पैसा नेणार कुठे? बेघर असणे हा गुण म्हणून विकता आला की निम्मे काम झाले.

यावर तुम्ही म्हणाल, व्हेनिसने त्यांना आधीच जागा दिली होती ना? दिली होती. १५१६ पासून गेटो होता, म्हणजे ज्यूंना राहण्यासाठी नेमून दिलेली कोंडलेली वस्ती. फाटकाला रात्री कुलूप लागे, बाहेर ख्रिस्ती पहारेकरी उभे असत आणि त्या पहारेकऱ्यांचा पगार आत कोंडलेल्यांनीच भरायचा असे. शिवाय घरभाडे आधीच्या भाडेकरूंपेक्षा एक तृतीयांशाने जास्त. सोय कोणाची, बिल कोणाला, असले प्रश्न अर्जदाराने विचारायचे नसतात.

अर्जच करायचा नाही, गुपचूप राहायचे, असाही एक मार्ग आहे. तो गार्सिया दा ऑर्टा यांनी आपल्या गोव्यात करून पाहिला. वरून ख्रिस्ती, घराणे बाटवलेल्या ज्यूंचे, पेशाने वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवरचे त्यांचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. १५६८ मध्ये अंथरुणात मरण आले, म्हणजे निभावले म्हणायचे. पुढच्या वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडी हुडकणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, जिवंत जाळले आणि १५८० मध्ये ऑर्टांची हाडे उकरून तीही जाळली. तेव्हा अर्जच बरा.

आता आदर्श अर्जदाराकडे वळू. मनश्शे बेन इस्राएल. वडिलांनी लिस्बनमध्ये इन्क्विझिशनचा छळ सोसलेला. मुलगा ॲमस्टरडॅममध्ये विशीच्या आतच रब्बी झाला, पुढे त्याने त्या शहरातला पहिला हिब्रू छापखाना काढला. रेम्ब्रांट त्याच्याच मोहल्ल्यात राहायचा आणि त्याने मनश्शेच्या एका पुस्तकासाठी चार चित्रे कोरून दिली. म्हणजे विद्वत्ता होती, ओळखी होत्या. पगार तेवढा तुटपुंजा होता.

इंग्लंडने १२९० मध्ये ज्यूंना हाकलले होते. ते दार उघडावे म्हणून मनश्शे सप्टेंबर १६५५ मध्ये लंडनला गेला, स्ट्रँडवर बिऱ्हाड केले आणि तेव्हा राजाविना इंग्लंडचा कारभार हाकणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या हाती अर्ज दिला. त्याची मांडणी बघा. परक्या जमातीला जवळ करण्याची कारणे तीन, म्हणे: तिच्यापासून होणारा नफा, तिची राजनिष्ठा आणि तिच्या रक्ताची शुद्धता. पहिला नंबर नफ्याचा. हे ज्याने लिहिले त्याने बायबलातली परस्परविरोधी वाटणारी वचने जुळवण्यात उमेदीची वर्षे घालवली होती. पण अर्जात तो कापड, हिरे, जहाजे आणि जकात यांवर बोलतो. जगभर आमची माणसे सुखाने नांदतात याचा दाखला देताना तो थेट कोचीनच्या सिनेगॉगपर्यंत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरापर्यंत येतो.

मग धर्म वापरायचाच नाही का? वापरायचा, पण देणाऱ्याच्या धर्माच्या सोयीने. १६४४ मध्ये मोंतेझिनोस नावाच्या प्रवाशाने ॲमस्टरडॅममध्ये शपथेवर सांगितले होते, की दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत मला इस्राएलच्या हरवलेल्या कुळांपैकी रऊबेन वंशाचे लोक भेटले. मनश्शेने त्यावर १६५० मध्ये पुस्तक लिहिले आणि त्याची लॅटिन आवृत्ती इंग्लंडच्या संसदेला अर्पण केली. मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात तो तारणहार, येण्याआधी इस्राएल पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विखुरलेला असला पाहिजे, असे शास्त्र सांगते. अमेरिकेचे टोक झाले. उरले इंग्लंड, ज्याला जुन्या हिब्रू ग्रंथांत ‘पृथ्वीचे टोक’च म्हटलेले. थोडक्यात, महाराज, तुम्ही आम्हाला घेत नाही म्हणून जगाचा उद्धार अडला आहे! तिकडच्या प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांना, ख्रिस्त परत येण्याची घाई होतीच. त्याआधी ज्यू ख्रिस्ती होतील अशी त्यांची खात्री होती. मनश्शेला तसे मुळीच वाटत नव्हते. हा फरक दोन्ही बाजूंनी फार ताणला नाही. तुम्हीही ताणू नका.

अर्ज गेला की समिती बसते. इथेही बसली, व्हाइटहॉलला, डिसेंबरात, दोन आठवडे. न्यायमूर्तींनी सांगून टाकले, की ज्यूंनी इंग्लंडमध्ये राहू नये असा कायदाच नाही, ती हकालपट्टी राजाच्या हुकमाने झाली होती. झाले की काम, असे वाटले ना? पण पाद्रींना धर्म बुडेल याची काळजी आणि व्यापाऱ्यांना धंदा बुडेल याची. विल्यम प्रिन या वकिलाने जुनी दप्तरे उकरून विरोधात पुस्तक काढले. ज्यू सेंट पॉलचे कॅथीड्रल विकत घेणार आहेत, अशीही आवई उठली. राहायला खोली मागणाऱ्यावर वाडा बळकावल्याचा आरोप होतोच, त्याची तयारी ठेवा. शेवटी क्रॉमवेलने समिती गुंडाळली. होकार नाही, नकार नाही.

तोवर स्वतःचे घर मात्र चकाचक ठेवा. साहेब पाहत असतो. मनश्शे लंडनमध्ये खेटे घालत होता त्याच काळात, २७ जुलै १६५६ रोजी, त्याच्याच ॲमस्टरडॅमच्या सिनेगॉगने तेवीस वर्षांच्या बारूख स्पिनोझाला, पुढच्या नामांकित तत्त्वज्ञाला, बहिष्कृत केले. शापाचे शब्द असे: तो दिवसा शापित असो, रात्री शापित असो, झोपताना आणि उठताना शापित असो. कोणी त्याच्या चार हातांच्या आत उभे राहू नये, त्याने लिहिलेले वाचू नये. त्याआधी १६४० मध्ये रब्बींच्या शिकवणीवर शंका घेणाऱ्या उरिएल दा कोस्टाला माफीसाठी भर सिनेगॉगात एकोणचाळीस फटके खावे लागले, मग उंबऱ्यावर आडवे व्हावे लागले आणि मंडळी त्याला ओलांडून बाहेर पडली. थोड्याच दिवसांत त्याने स्वतःला गोळी घातली. त्याच वर्षी खुद्द मनश्शेवरही एक दिवसाचा बहिष्कार पडला होता. गंमत म्हणजे हे बहिष्कार घालणारे बहुतेक इन्क्विझिशनमधून सुटून आलेले, नाहीतर त्यांची मुले. हातातली काठी बदलली तरी पकड तीच ठेवायची, हे त्यांना शिकवावे लागले नाही.

या बहिष्कारात खोट काढणारा भेटला तो सव्वाशे वर्षांनी. बर्लिनच्या मोझेस मेंडेल्सोन या ज्यू तत्त्वज्ञाने मनश्शेने इंग्लंडमध्ये ज्यूंच्या बचावासाठी लिहिलेले पुस्तक १७८२ मध्ये जर्मनमध्ये आणवले आणि प्रस्तावनेत आपल्याच रब्बींना सांगितले, की बहिष्काराचा अधिकार सोडा, विवेकाच्या प्रार्थनाघराला बंद दारे लागत नाहीत. बाहेरून लगेच विचारणा झाली, मग आता ज्यू कशाला राहता? उत्तर द्यायला त्याला पुढच्या वर्षी आख्खे पुस्तक लिहावे लागले. घरातही पंचाईत, बाहेरही पंचाईत. तुम्ही असल्या प्रस्तावना लिहू नका.

मनश्शेचे काय झाले? लंडनमध्ये काही ज्यू आधीपासून स्पॅनिश-पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणून राहत होते. स्पेनशी युद्ध पेटले आणि त्यांच्यातल्या रोब्लेस नावाच्या व्यापाऱ्याचा माल स्पॅनिश म्हणून जप्त झाला. तो म्हणाला, मी स्पॅनिश नाही, पोर्तुगीज ज्यू आहे. माल परत मिळाला. मसीहा, नफा, रक्त यांतले काहीच कामी आले नाही, शत्रूचा शत्रू असणे कामी आले. जाहीर हुकूम कसलाच निघाला नाही. पण डिसेंबर १६५६ मध्ये क्रीचर्च लेनमध्ये प्रार्थनेसाठी घर भाड्याने घेतले गेले, दोन महिन्यांनी माइल एंडला दफनभूमीची जागा मिळाली आणि कोणी अडवले नाही.

मनश्शेला हे जिंकणे वाटले नाही, त्याला राजरोस परवाना हवा होता. क्रॉमवेलने त्याला वर्षाला शंभर पौंडांचे पेन्शन मंजूर केले. ते हाती आले नाही. सप्टेंबर १६५७ मध्ये मुलगा शमुवेल लंडनमध्ये वारला. त्याला हॉलंडमध्ये पुरायची इच्छा होती, म्हणून मनश्शेने पेन्शन सोडून देतो, त्याऐवजी एकरकमी पैसे द्या, असा अर्ज केला. मुलाचे प्रेत घेऊन तो मिडलबर्गला पोहोचला आणि नोव्हेंबरात तिथेच वारला. ते पैसेही आले नाहीत. पुढे क्रॉमवेलच्या गादीवर त्याचा मुलगा रिचर्ड बसला, तेव्हा मनश्शेच्या विधवेला थकबाकी मिळावी म्हणून जॉन सॅडलर या इंग्रज स्नेह्याने त्याच्याकडे आणखी एक अर्ज केला.