280 रुपयांत विश्वरूपदर्शन

आमची गाडी 2011 ची. त्यातही सगळ्यांत खालचं मॉडेल, त्यामुळे मागच्या दिव्यांचा झोत डोळ्यांत येऊ नये म्हणून रात्री ढकलायची ती छोटी दांडी मधल्या आरशाला नाही. आरशाच्या कडेचा पारा उडून डाग पडले होते, मधोमध तेवढी साधारण मोठ्या पुरीएवढी जागा शाबूत होती. दिवसा त्यावर भागायचं. रात्री कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाचा उतार लागला की मागचा प्रत्येक जण अप्पर टाकूनच आलेला असतो, आणि आताचे ते पांढरेशुभ्र दिवे थेट डोळ्यांत. मग मी आरसा छताकडे वळवून टाकायचो आणि मागचं बघायचं काम शेजारी बसलेल्या हिच्याकडे जायचं. "अहो, ट्रक आहे. अहो, ट्रकच्या मागे अजून एक ट्रक आहे."

तशी ही पद्धत जुनीच. 1911 साली इंडियानापोलिसच्या पहिल्या 500 मैलांच्या शर्यतीत बाकीच्यांनी मागचं बघायला शेजारी मेकॅनिक बसवले होते. रे हॅरून एकटाच, पुढे आरसा लावून. शर्यत जिंकला तो. पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा असा थरथरत होता की त्यात धड काही दिसलंच नाही, हे त्यानेच पुढे कबूल केलं. ही गोष्ट मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आरसा नसता तरी जिंकलाच असता."

सर्व्हिस सेंटरने दांडीवाल्या आरशाचे 1,850 अधिक मजुरी सांगितली. मी "घरी विचारून सांगतो" म्हणून जो निघालो, तो थेट नाना पेठेत.

"काका, ओरिजिनल कशाला? पॅनोरमा घ्या," दुकानातला पोरगा म्हणाला. "बारा इंची. जुन्यावरच क्लिपा बसतात. मागची सगळी दुनिया दिसते." त्याने 350 सांगितले, मी 200, आणि 280 वर मी विजयी झालो. शेजारच्या दुकानाबाहेर तोच आरसा 250 ची चिठ्ठी लावून टांगलेला होता. मी तिकडे न बघितल्यासारखं केलं.

बसवायला खरंच अर्धं मिनिट लागलं. आणि दुनिया दिसलीसुद्धा. दोन्ही खिडक्या, मागची काच, मागच्या सीटवर गेल्या गणपतीपासून पडलेली छत्री. फक्त दोन अडचणी. नवा आरसा एवढा लांब की उन्हाची झडप खाली येईना. आणि त्याच्या वजनाने जुन्या आरशाचा सांधा ढिला पडला. प्रत्येक स्पीडब्रेकरला आरसा मान टाकायचा आणि मागच्या दुनियेऐवजी मला माझी मांडी दिसायची. शेवटी सांध्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबला. आरसा बहिर्गोल, म्हणून मागचं सगळं लहान आणि लांब दिसतं, हे मला शाळेत पाठ होतं. पण अजून शिरवळलाही पोचला नसेल असं वाटणारा ट्रक पुढच्या क्षणी कानाशी हॉर्न देतो, तेव्हा शाळा आठवत नाही.

खरी परीक्षा सासूबाईंना कऱ्हाडला सोडायला निघालो तेव्हा. त्या मागे, मधोमध. जुन्या आरशात त्यांच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसायचा. आता त्या संपूर्ण दिसत होत्या, मांडीवरच्या पिशवीसकट. खंबाटकीचा घाट चढताना मी एका टेम्पोला मागे टाकलं आणि त्या म्हणाल्या, "हे होते तोवर कधी घाटात ओव्हरटेक केलं नाही हो." मी काही बोललो नाही. बोलायचंच नसतं. अशा वेळी दात दाबून तोंड वाकडं करायचं, ही माझी बारा वर्षांची सवय, आणि त्याबद्दल माझ्याविरुद्ध आजवर काही पुरावा नव्हता.

"जावईबापू, दाढ दुखते का हो?"

वर पाहिलं. आरशात सासूबाई. थेट माझ्याकडे बघत होत्या. मी जिला आरशात बघू शकतो ती व्यक्ती मलाही बघू शकते, प्रकाश दोन्ही दिशांनी त्याच वाटेने जातो, हेसुद्धा शाळेतलंच. मी घाईघाईने "हो, जरा" म्हणालो. त्यांनी पिशवीतून बटवा, बटव्यातून पुडी आणि पुडीतून लवंग काढली. "धरा दाढेखाली. चावू नका." कऱ्हाड येईपर्यंत मी लवंग धरून होतो. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हाही तोंड उघडू दिलं नाही. ही पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

कऱ्हाडला पोचल्यावर तिथेच तो आरसा काढला. सासूबाई म्हणाल्या, "टाकताय का? मग इथंच राहू द्या."

पुढच्या रविवारी जुना बाजार. तिथे दांडीवाला आरसा मिळाला, 150 ला, कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचा. ही दांडी म्हणजे साधी पण फार हुशार युक्ती. काच मुळात पाचरीसारखी, वर जाड, खाली पातळ. दिवसा मागच्या पाऱ्यावरून उजेड येतो. दांडी ढकलली की पारा भलतीकडे बघतो आणि काचेच्या नुसत्या पुढच्या पृष्ठभागावरून जो शंभरातला चारएक भाग परततो तेवढाच डोळ्यांत येतो. हे सगळं मी विक्रेत्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दीडशेच होतील."

घरी आल्यावर कळलं, माझ्या गाडीचा आरसा छताला स्क्रूने बसतो, हा काचेला चिकटवायचा. मी झटपट गोंदाच्या दोन ट्यूब आणल्या, 40 रुपये. चिकटला. दोन दिवस मी येताजाता दांडी ढकलून बघत होतो. तिसऱ्या दिवशी, मे महिना, गाडी दुपारभर उन्हात. संध्याकाळी दार उघडलं तर आरसा गिअरच्या दांडीपाशी पालथा पडलेला आणि पुढच्या काचेवर गोंदाचा पांढरा डाग, भस्म लावल्यासारखा. तो ब्लेडने खरवडण्यात एक रविवार गेला. अजून थोडा आहे. सकाळच्या उन्हात दिसतो.

मग पुन्हा नाना पेठ. तोच पोरगा. "काका, मी काय म्हणत होतो, ओरिजिनलसारखा घ्या." मी वाद घातला नाही. माझ्या मॉडेलचा, स्क्रूचा, दांडीवाला: 450. बसवायचे 100. तीन स्क्रू, चार मिनिटं. एकूण 1,020, म्हणजे 830 वाचवले, असा हिशेब करत दुकानाबाहेर आलो तर गाडी जागेवर नव्हती. होतं ते रस्त्यावर खडूने लिहिलेलं चौकीचं नाव. दंड आणि क्रेनचे मिळून हजाराच्या आसपास गेले. 1,850 वर मजुरी वेगळी होती, हा मुद्दा मी घरी अजून लावून धरलाय.

दिवाळीत कऱ्हाडला गेलो. रात्र झाली होती, पण दांडीमुळे डोळे निवांत होते. गल्लीत गाडी लावताना माझं तिसऱ्यांदा पुढेमागे चाललं होतं, कारण कुणीतरी स्कूटर आडवी लावलेली. स्कूटरवाल्याच्या नावाने मी तोंड वाकडं केलं आणि सहज वर नजर गेली. माडीच्या गजांना बारा इंची आरसा, दोन्ही क्लिपा नीट बसवलेल्या, गल्लीच्या दोन्ही टोकांवर नजर राहील असा तिरका. आणि त्यात सासूबाई.

"आले का?" वरून आवाज आला. "अजून दुखतेच वाटतं दाढ. थांबा, लवंग आणते."