रस्ता नंतर करा, आधी खालचा पाइप बदला

मागच्या सोमवारी आमच्या गल्लीत दोन मुलं टेप घेऊन आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्याच्या खुणा करून गेली. सिमेंट रोड मंजूर झाला म्हणाली. गल्लीत सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पावसाळ्यात आमच्याकडे स्कूटी चालवत नाही, ढकलत न्यावी लागते. मी सहज विचारलं, "आधी खालची पाण्याची लाइन बदलून राहिले का?" त्यातला एक म्हणाला, "ते आमच्याकडे नाही काकू. आमच्याकडे फक्त रोड आहे."

मुलगा खरंच बोलला, त्याचा काही दोष नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात. गल्ली जुनी, आणि खालची बिडाची लाइन गल्लीइतकीच जुनी. सासरे सांगायचे, ते शाळेत असतानाही हीच लाइन होती. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या नळाला वास यायला लागला. पहिली पाच मिनिटं पिवळट पाणी, मग साफ. शेजारच्या काकूंनी आधीच सांगितलं होतं, "पहिलं पाणी भरू नको वं, सोडून दे." आम्हीही तेच करत राहिलो. सगळी गल्ली तेच करत होती. सकाळी नळ आला की पहिली बादली नालीत, दुसरी झाडांना आणि तिसरीपासून गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा भरायचा. इतकी सवय झाली होती की यात काही चुकतंय असं वाटायचंच बंद झालं. मग मुलीला कावीळ झाली. तिचं बारावीचं वर्ष होतं. दीड महिना ती अंथरुणावर होती, उसाचा रस, मुळा, पथ्य, दर आठवड्याला रक्ताची तपासणी. पाठोपाठ गल्लीत आणखी तीन घरांत कावीळ निघाली.

तक्रार कुठे केली, किती वेळा केली, ते इथे काढत नाही. शेवटी फिटर आला आणि आमच्या दारासमोर खोदलं. तो खड्डा मी कधी विसरणार नाही. कमरेइतक्या खोलीवर गडरचं, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचं चेंबर लागलं आणि त्याला अगदी खेटून आमच्या नळाचा लोखंडी पाइप गेलेला. फिटरनं हातभर तुकडा कापून माझ्या हातात दिला. बाहेरून तो नुसता गंजलेला दिसत होता. आतून पाहिलं तर पाऊण इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट शिल्लक, बाकी सगळ्या तांबड्या खपल्या. आणि खालच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढं एक भोक. त्याच्याभोवतीची माती काळी होती आणि तिला गडरचा वास होता. फिटर म्हणाला, "ताई, पाणी चालू असलं की इथून बाहेर येते. बंद झालं की इथूनच आत जाते."

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. लाइनमध्ये दाब असतो तोवर भोकातून पाणी बाहेर पडतं. पुरवठा बंद झाला की उतारावरचं पाणी पुढे निघून जातं, पाइप रिकामा होतो आणि आजूबाजूचं जे असेल ते आत ओढतो. सकाळी नळ सुटला की तेच पहिल्यांदा आपल्या बादलीत येतं. त्यात घराघरांत नळाला लावलेले छोटे टिल्लू पंप. पंप लावला की लाइनमधून पाणीही ओढलं जातं आणि घाणही. म्हणून ठरावीक वेळेचा पुरवठा आणि सडलेला पाइप ही जोडी सगळ्यात वाईट. चोवीस तास पाण्याची गोष्ट नागपुरात निघाली ती नुसत्या सोयीसाठी नव्हती. लाइनमध्ये सतत दाब राहिला तर बाहेरची घाण आत शिरत नाही, हे तिच्यातलं मोठं कारण होतं. आधी धरमपेठेत प्रयोग झाला, २०१२ पासून अख्ख्या शहराचं काम सुरू झालं. पुष्कळ ठिकाणी लोखंडी जोडण्या जाऊन निळे प्लॅस्टिकचे पाइप आले. जिथे काम नीट झालं तिथल्या बायका सांगतात की आता पहाटे उठून नळाची वाट पाहावी लागत नाही. ते काम चांगलं होतं आणि मी ते मोकळ्या मनानं मान्य करते. पण अजून सगळ्या शहराला चोवीस तास पाणी नाही.

आमच्या घराचा तुकडाही बदलला. पण फक्त आमच्या दारापासून गल्लीतल्या मोठ्या लाइनपर्यंतचा. मोठी लाइन तीच आहे. आणि आता तिच्यावर सिमेंट पडणार आहे.

सिमेंटचा रस्ता वीस-तीस वर्षं टिकावा म्हणून करतात. डांबराचा रस्ता फोडून पाइप दुरुस्त करणं एक वेळ सोपं. सिमेंटला ब्रेकर लागतो, कटर लागतो, आणि फोडलेला तुकडा परत भरला तरी तो सांधा कधी एकजीव होत नाही. म्हणजे आज पाइप न बदलता रस्ता केला तर दोनच गोष्टी होतील. एक तर दोन वर्षांत नवाकोरा रस्ता फोडावा लागेल. नाही तर रस्ता फोडायला लागू नये म्हणून गळती तशीच सोडून देतील. मला दुसरीची जास्त भीती वाटते.

नागपूरकरांनी १५ जानेवारी २०२६ ला मतदान केलं आणि जवळजवळ चार वर्षांनी महापालिकेत पुन्हा १५१ नगरसेवक बसले. मार्च २०२२ पासून प्रशासक होते. बोलायला प्रभागाचं कोणी माणूस नव्हतं, कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचं. आता सभागृह आहे, स्थायी समिती आहे, अंदाजपत्रकावर चर्चा होऊ शकते. म्हणून हे सगळं आत्ता म्हणते आहे. एकदा आकडे मंजूर झाले की पुढचं वर्षभर "निधी नाही" एवढंच उत्तर मिळतं.

महापालिकेचा खिसा काही मोठा नाही, हे मला कळतं. जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, तीही गेली. आता मोठा आधार जीएसटीच्या अनुदानाचा, त्याखाली मालमत्ता कर आणि पाण्याचं बिल. त्यातूनच पगार, पेन्शन, कचरा, दिवे, शाळा. मग उरलेल्यात ओढाताण होते, आणि दरवर्षी एक गोष्ट हमखास ऐकू येते की शहर बस तोट्यात आहे, तिचे पैसे काढा आणि पाण्याला द्या. परवा आमच्या ओट्यावरही हीच चर्चा झाली. एक काकाजी म्हणाले, "मेट्रो आली, आता बस कायले पाहिजे?"

मी त्यांना तिथेच सांगितलं, इथेही सांगते. मला पाण्याचे पैसे बसच्या पोटातून काढलेले नको आहेत.

मेट्रो चांगली आहे. चितार ओळीच्या स्टेशनवरून मी स्वतः जाते. पहिल्या टप्प्याला ८,६८० कोटी लागले, त्यात महापालिकेचा आणि नागपूर सुधार प्रन्यासचाही वाटा होता. दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा, ६,७०८ कोटींचा, बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि कापसीच्या बाजूला जाणारा. जावा. पण मेट्रो दोन रेघांवर चालते, आणि माणसं रेघेवर राहत नाहीत. दिघोरीच्या पुढच्या, कळमन्याच्या मागच्या लेआउटमधून ज्या बायका सकाळी धुणीभांडी करायला निघतात, त्यांचं घर स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटर असतं. ऑटोला दिवसाचे साठ-सत्तर रुपये गेले तर एका घरच्या कामाचे पैसे ऑटोतच संपले. आमच्याकडे पोळ्यांना येणारी ताई पाच घरं करते, आणि तिचं सगळं वेळापत्रक बसवर बांधलेलं आहे. बस नाही आली तर ती चालत येते, उशिरा येते, आणि एखादं घर सुटतं. कॉलेजच्या मुलींचं तेच. हा तोटा कुठल्या वहीत लिहिला जात नाही.

आणि तोटा तोटा म्हणतात, पण रस्त्याला कधी कोणी "तोट्यात आहे" म्हणत नाही. पुलाला म्हणत नाही. वर्धा रोडवरच्या डबल डेकर पुलावरून खाली पाहताना छान वाटतं, त्याची गिनिजमध्ये नोंद झाली, मलाही अभिमान वाटला. पण त्यानं किती पैसे मिळवले असं कोणी विचारलं नाही. विचारूही नये, तो वाहतुकीची सोय म्हणून बांधलाय. मग बसही सोयच आहे. फक्त ती वापरणारे लोक सभागृहाच्या गॅलरीत येऊन बसू शकत नाहीत, त्या वेळी ते कामावर असतात.

मग पैसे कुठून आणायचे? माझं उत्तर सरळ आहे. ज्या रस्त्याच्या खाली जुनी लाइन आहे त्या रस्त्याचं सिमेंटचं काम थांबवा, आधी लाइनचं इस्टिमेट करा, दोन्ही एकत्र करा. कुठलाही सिमेंट रोड मंजुरीला येईल तेव्हा त्या फायलीत एक कागद लागलाच पाहिजे, की खालची लाइन कशाची आहे, किती वर्षांची आहे, गेल्या तीन वर्षांत किती वेळा फुटली, किती घरांनी गढूळ पाण्याची तक्रार केली. हा कागद नसेल तर वर्क ऑर्डर नाही. रस्ता करतानाच घराघरांच्या जोडण्यांसाठी आडवे पाइप टाकून ठेवा, म्हणजे उद्या नवीन नळ घ्यायला रस्ता कापावा लागणार नाही. यात जगावेगळं काही नाही. आपण घर बांधताना आधी भिंतीतून पाइप आणि वायरिंग नेतो, मग प्लॅस्टर करतो.

यावर मला सांगण्यात आलं की रस्त्याचा निधी वेगळ्या हेडमधून येतो, तो पाण्यावर खर्च करता येत नाही. असेल. पण रस्ता सहा महिने पुढे ढकलता तर येतो ना? निधी परत जाईल अशी भीती दाखवतात. तो परत जाऊ नये म्हणून घाई करायची आणि मुलांना गडरचं पाणी पाजायचं, हे मला पटत नाही. यासाठी आमच्या गल्लीला आणखी एक पावसाळा चिखलात काढावा लागला तर मी तयार आहे. हे मी स्कूटी ढकलणारी बाई म्हणून सांगते आहे.

दुसरं म्हणजे हे फक्त कावीळ-गॅस्ट्रोपुरतं नाही. आपलं पिण्याचं पाणी कुठून येतं ते आठवा. एके काळी अंबाझरी आणि गोरेवाडा तलावांवर भागत होतं. आता पेंचचं पाणी पारशिवनी तालुक्यातल्या नवेगाव खैरीहून येतं, शिवाय कन्हान. तिथून उचलायचं, गाळायचं, क्लोरीन टाकायचं, टाक्यांमध्ये चढवायचं, या सगळ्याला वीज लागते. आणि इतकं करून ते महालातल्या कुठल्या तरी भोकातून जमिनीत मुरतं. २०१९ चा जुलै विसरलात का? पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं होतं, वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारं पाणी कमी झालं होतं, आणि भर पावसाळ्यात आपल्याला एक दिवसाआड पाणी होतं. तेव्हा टँकरमागे धावणाऱ्या बायका मी पाहिल्यात. नवीन धरण आपल्याला कोणी देणार नाही. गळणारं पाणी वाचवलं तर तेच आपलं नवीन धरण.

२०२५-२६ च्या हिवाळ्यात इंदूरच्या भागीरथपुऱ्यात जे झालं ते सगळ्यांनी वाचलं असेल. स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं येणारं शहर, आणि तिथे पिण्याच्या लाइनमध्ये मैला मिसळून माणसं गेली. ती बातमी वाचली तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उकळून ठेवलेलं पाणी पुन्हा उकळलं.

तोवर घरी करण्यासारखं एक काम आहे. आपल्या भागात ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन बघायची तपासणी करायला सांगा. नळाच्या पाण्यात ओटीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर काही तरी गडबड आहे. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं असं मानक आहे. आमच्याकडे त्या ऑगस्टमध्ये रंग आलाच नव्हता. पाणी दिसायला अगदी स्वच्छ होतं.

कापलेला पाइपाचा तुकडा मी फेकला नाही. तुळशीवृंदावनाच्या मागे ठेवलाय. आमच्या प्रभागाचे चारही नगरसेवक निवडणुकीच्या आधी दारात येऊन गेले होते, नमस्कार करून गेले. आता मी त्यांच्याकडे जाणार आहे. अर्ज लिहून तयार आहे. आमच्या गल्लीचा सिमेंट रोड लाइन बदलेपर्यंत थांबवावा, दोन्हींचं इस्टिमेट एकत्र करावं आणि शहर बसच्या तरतुदीला हात लावू नये, एवढ्या तीनच गोष्टी त्यात आहेत. पाइपाचा तुकडा सोबत नेणार, त्यांच्या टेबलावर ठेवणार आणि आतून बघा म्हणणार.

गल्लीत बेचाळीस घरं आहेत. नऊ सह्या झाल्यात. रस्ता लांबेल म्हणून चार जणांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडे परत जाईन. त्यातल्या एका घरी त्या वर्षी कावीळ झाली होती. शनिवारी संध्याकाळी सहाला मारुतीच्या देवळापासून सुरुवात करते. ज्यांना जमेल त्यांनी या, आणि घरात जुन्या पाइपाचा तुकडा पडला असेल तर तोही आणा.