फायटर, विझार्ड आणि 'डीएम बघून घेईल' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: मूळ लेखात मी म्हटलं होतं की 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये (टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकत्र कथा रचायचा खेळ) फायटर, म्हणजे लढवय्या, ताकदीला कमी नाही, पण त्याला करता येण्यासारख्या गोष्टी फार थोड्या आहेत, आणि विझार्ड, म्हणजे जादूगार, त्याला मागे टाकतो तो इथे. त्यावर तुमचे आक्षेप असे: पाचव्या एडिशनमध्ये (2014 साली आलेल्या नियमांत) फायटर विझार्डपेक्षा जास्त डॅमेज करतो. विझार्डचे स्लॉट (दिवसाला किती स्पेल, म्हणजे मंत्र, टाकता येतील त्याचा कोटा) संपतात, फायटर दिवसभर लढतो. डीएम ('डंजन मास्टर', खेळ चालवणारा) चांगला असेल तर हा प्रश्नच उरत नाही. आणि मुळात हा एकमेकांच्या साथीने खेळायचा खेळ, 'कोण भारी' हे व्हिडिओ गेमवाल्यांचं खूळ. वर विझार्डने 'फ्लाय' (उडण्याचा स्पेल) टाकल्यावर तुमच्या बॅटल मास्टरने (फायटरचा एक प्रकार) हवेत जाऊन ड्रॅगन कसा मारला, तेही लिहिलंत.

डॅमेजबद्दल आपलं भांडणच नाही. 2014च्या नियमांनी अकराव्या लेव्हलचा फायटर दोन हातांची तलवार घेऊन तीन वार करतो. स्ट्रेंग्थ 20 असेल तर प्रत्येक वार सरासरी 12, म्हणजे तिन्ही लागले तर 36, आणि 'ॲक्शन सर्ज' (त्याच पाळीत आणखी एक कृती) वापरला तर 72. विझार्डच्या 'फायरबॉल'ची सरासरी 28, तीही समोरच्याने सेव्ह केला (फासा टाकून बचाव केला) तर अर्धी. एकाच शत्रूला लोळवायचं असेल तर फायटरच पुढे. मूळ लेखातही हे होतं.

पण त्या आकड्यांनी तुम्ही फक्त लढाई मोजलीत. पाचव्या लेव्हलची पार्टी एका किल्ल्याच्या चाळीस फुटी तटापाशी उभी आहे असं धरा. फायटर म्हणतो, "मी चढून बघू का?" डीएम विचार करतो, दगड गुळगुळीत आहे का, पाऊस आहे का, मग एक आकडा ठरवतो, मग फासा पडतो. विझार्ड म्हणतो, "मी 'फ्लाय' टाकतो." संपलं. दहा मिनिटं, साठ फुटांचा वेग, हे सगळं पुस्तकात छापलेलं आहे. फायटर विचारतो आणि विझार्ड सांगतो. पहारेकऱ्याला गप्प करायचं असेल तर 'सजेशन' आहे, अनोळखी लिपी वाचायची असेल तर 'कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस' आहे, आणि हा दुसरा स्पेल रिच्युअल म्हणून (जास्त वेळ घेऊन) टाकला तर स्लॉटही जात नाही. फायटरच्या शीटवर (पात्राच्या नोंदीच्या कागदावर) अशा वेळी काय असतं? ॲथलेटिक्स, आणि नशीब असेल तर परसेप्शन.

वर जाल तसं हे अंतर वाढत जातं. सतराव्या लेव्हलला फायटरला 'ॲक्शन सर्ज' एका विश्रांतीत दोनदा वापरता येतो आणि 'इंडॉमिटेबल' (फसलेला सेव्ह पुन्हा टाकणं) तीनदा. त्याच लेव्हलला विझार्डला 'विश' (मागाल ते घडवणारा स्पेल) मिळू शकतो. एकाला तीच गोष्ट आणखी एकदा करता येते, दुसऱ्याला जग बदलता येतं. ही तुलना डॅमेजच्या तक्त्यात बसतच नाही.

हे असं का झालं, ते मला 'कोण भारी'पेक्षा जास्त रंजक वाटतं. ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या (खेळाच्या जुन्या आवृत्तीच्या) काळात मॅजिक-यूजरची (विझार्डचं तेव्हाचं नाव) ताकद महाग होती. पहिल्या लेव्हलला दिवसाला एक स्पेल, हिट पॉइंटसाठी (किती मार सोसता येईल तो आकडा) चार बाजूंचा फासा, आणि स्पेल म्हणताना कुणी एक फटका मारला की स्पेल वाया. लेव्हलचा हिशेबही क्लासगणिक (पात्राच्या प्रकारागणिक) वेगळा: दुसरी लेव्हल गाठायला चोराला साधारण 1,250 अनुभव-पॉइंट लागत, फायटरला 2,000 आणि मॅजिक-यूजरला 2,500. (सातव्या लेव्हलपासून तोच तक्ता मॅजिक-यूजरवर मेहेरबान होतो, पण तिथवर तो जगला तर!)

2000 साली तिसरी एडिशन आली आणि ही किंमत एकेक करून उतरली. सगळ्यांना एकच तक्ता. फटका न खाता जपून स्पेल टाकायची सोय. स्क्रोल (कागदावर उतरवलेला स्पेल) बनवण्याचं फीट (खास कौशल्य) विझार्डला पहिल्याच लेव्हलला फुकट. 'नॉक'चा (कुलूप उघडणाऱ्या स्पेलचा) स्क्रोल बाजारात 150 सोन्याच्या नाण्यांना. रोगने ('rogue', चोराचं नवं नाव) वर्षानुवर्षं कुलूप उघडण्यात पॉइंट घालायचे आणि विझार्डने खिशातून कागद काढायचा. उलट फायटरला अकरा बोनस फीट मिळाली, पण लेव्हलमागे स्किल पॉइंट दोनच, आणि 'स्पॉट', 'लिसन' त्याच्या क्लासच्या यादीतच नाहीत. म्हणजे रात्री पहाऱ्याला बसवायचा माणूस, त्यालाच धड दिसत नाही आणि ऐकूही येत नाही! चाहत्यांनी 3.5साठी (तिसऱ्या एडिशनची सुधारित आवृत्ती) क्लासची सहा पायऱ्यांची उतरंड केली, तिच्यात विझार्ड, क्लेरिक (पुजारी) आणि ड्रुइड (निसर्गाचा पुजारी) पहिल्या पायरीवर आणि फायटर पाचव्या, ते उगाच नाही. ती उतरंड डॅमेजची नव्हतीच. किती प्रकारच्या अडचणी एकटा क्लास सोडवू शकतो, हे तिने मोजलं.

आता 'दिवसभर लढतो'. 2014च्या डीएम गाइडने दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरल्या आहेत. तेवढ्या झाल्या तर तुमचं म्हणणं बरंच खरं. पण आमच्या टेबलावर एका बैठकीत दोन लढाया उरकल्या तरी पुष्कळ. आणि फायटरची तलवार संपत नसली तरी त्याचे हिट पॉइंट संपतात, ते भरून द्यायला बहुधा क्लेरिकचेच स्लॉट जातात. शिवाय विश्रांती घेणार कुठे? पाचव्या लेव्हलला विझार्ड 'टायनी हट' रिच्युअल म्हणून टाकतो आणि आठ तास सगळे सुरक्षित. स्लॉट परत मिळवायची किल्लीसुद्धा त्याच्याच हातात.

'डीएम बघून घेईल' या मुद्द्यावर मात्र मी ठाम असहमत आहे. चांगला डीएम फायटरसाठी जागा करतो, मीही करतो: त्याच्या ओळखीचा एखादा जुना सरदार कथेत आणतो, जादू चालत नाही अशी दालनं बांधतो. पण विझार्डसाठी हे करावं लागत नाही, त्याची सोय पुस्तकाने आधीच केलेली आहे. डीएमने भोक बुजवलं म्हणजे भोक नव्हतं असं होत नाही. आणि साथीचा खेळ आहे म्हणूनच हा हिशेब महत्त्वाचा. स्पर्धेत मागे पडलेला निदान हरतो तरी. इथे तो तासभर नुसता बसून राहतो, कारण बोलणी, शोध, प्रवास या सगळ्यांत त्याच्या शीटवर काही नसतं.

तुमच्या ड्रॅगनचंच बघा. मारला तुम्ही, विझार्डला तो एकट्याने जमला नसता. पण लढाई हवेत होईल की नाही, हे कुणी ठरवलं? विझार्डचं कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारी एकाग्रता) तुटलं असतं तर तुमचा बॅटल मास्टर धाडकन खाली आला असता. ही जोडी सुरेख आहे, फक्त समान नाही.

नियम करणाऱ्यांनाही हे दिसलेलं आहे. 2008च्या चौथ्या एडिशनने सगळ्यांना एकाच साच्यातली पॉवर्स दिली. लोकांनी तिला नावं ठेवली, पण माझ्या मते फायटर तिथे जितका मजेशीर होता तितका आधी कधी नव्हता. पाचव्यात 'नॉक'चा आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो, म्हणजे रोगला पुन्हा काम मिळालं. 2024च्या पुस्तकात 'टॅक्टिकल माइंड' आलं: चेक (कौशल्याचा फासा) फसला तर 'सेकंड विंड'मधून (फायटरची दम परत मिळवायची क्षमता) दहा बाजूंचा फासा मिळवायचा, आणि तरीही फसला तर तो वापर खर्ची पडत नाही. छोटी गोष्ट आहे, पण लढाईबाहेर फायटरच्या हाती काहीतरी दिलं.

बार्डबद्दलही (गाण्यातून जादू करणारा क्लास) विचारलं होतंत. पाचव्या एडिशनमध्ये तो नवव्या पातळीपर्यंतचे स्पेल टाकतो, वर कौशल्यांत भर घालणारे 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' आणि 'एक्सपर्टाइज'. कागदावर तो विझार्डइतकाच डोईजड व्हायला हवा. त्याच्याबद्दल कुणी फारसं कुरकुरत नाही, याचं कारण बहुतेक 'इन्स्पिरेशन'चा (मदतीचा) फासा तो दुसऱ्याच्या हातात देतो, हे असावं. तुमच्या टेबलावर कुणी बार्ड खेळत असेल तर त्याचा अनुभव इथे जरूर लिहा.